बाळ घरी, आई गावाला: अंगावरच्या दुधाची सोय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्टचा स्तनपान सप्ताह आला की वर्तमानपत्रांत लेख येतात. पहिल्या तासात पाजा, सहा महिने वरचे काही देऊ नका, हे सगळे त्यात असते आणि ते बरोबरच आहे. पण निवडणुकीच्या ड्यूटीचा आदेश हातात पडलेली शिक्षिका, तीन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला बोलावलेली आरोग्यसेविका, परीक्षेचे केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आलेली उमेदवार, यांच्या हाती त्या लेखांतून काही लागत नाही. बाळ चार-पाच महिन्यांचे, ते आजीजवळ ठेवायचे आणि दोन-तीन रात्री बाहेर काढायच्या. मग अंगावरच्या दुधाचे काय? ‘जाण्याआधी काढून ठेवा’ एवढेच तिला सांगितले जाते. पत्र त्यामुळे लांबले आहे. शक्य असल्यास न कापता छापावे.

सर्वांत आधी एक गोष्ट, जी बहुतेक घरांत उलटी समजली जाते. बाहेरगावी दूध काढायचे ते मुख्यतः साठवण्यासाठी नव्हे, तर पान्हा टिकावा आणि छाती दुखू नये म्हणून. स्तन भरलेलाच राहिला की दूध तयार होण्याचा वेग त्याच स्तनात मंदावतो. तो रिकामा झाला की पुन्हा वाढतो. साठवण हा नंतरचा प्रश्न. म्हणून बर्फ नाही, फ्रिज नाही, काढलेले दूध मोरीत ओतावे लागणार, अशी वेळ आली तरी काढणे चुकवायचे नाही. ‘टाकायचेच तर काढायचे कशाला’ म्हणत दोन दिवस अंग चोरून राहिले की गाठी बसतात, आणि घरी परतल्यावर बाळाला दूध पुरत नाही.

किती वेळा काढायचे? घरी बाळ जितक्या वेळा पिते, साधारण तितक्या वेळा. सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल तर दिवसा दर तीन तासांनी, आणि रात्रीचा सलग खंड पाच तासांपेक्षा मोठा नको. नऊ-दहा महिन्यांचे, वरण-भात खाणारे बाळ असेल तर चोवीस तासांत चार-पाच वेळा पुरते. एका वेळेला १५ ते २० मिनिटे लागतात. पहाटे आणि सकाळी दूध जास्त येते, संध्याकाळी कमी. संध्याकाळची बाटली पाहून ‘दूध आटले’ असा निष्कर्ष काढू नये. नांदेडहून मुंबईला रात्रीच्या गाडीने यायचे तर अकरा-बारा तास जातात, म्हणजे गाडीतच तीन-चार वेळा काढावे लागणार. त्यामुळे आरक्षण करताना बाजूचा खालचा बर्थ आणि एसीचा पडदा असलेला डबा मिळतो का ते पाहावे. बाकीचे काम मोठ्या ओढणीवर भागते.

घरच्या साठ्याचा हिशेब असा. फक्त अंगावर पिणारे बाळ एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिली दूध पिते, आणि या काळात हा आकडा फारसा वाढत नाही. एका खेपेला ६० ते १२० मिली. म्हणजे तीन दिवसांसाठी सव्वादोन ते अडीच लिटर हवे. हे आदल्या रात्री बसून होत नाही. चार आठवडे आधीपासून सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर तासाभराने एकदा जादा काढावे. रोज ७५ मिली मिळाले तरी दोन लिटरच्या वर जमते. निघण्याआधीच्या एक-दोन दिवसांचे दूध गोठवायचीही गरज नाही. फ्रिजमध्ये ४ अंशांवर, दाराच्या कप्प्यात नव्हे तर आत मागच्या बाजूला, ते चार दिवस चांगले राहते. बाकीचे, दूध साठवण्याच्या ६० आणि १०० मिलीच्या पिशव्यांत, वर बोटभर जागा सोडून (गोठताना दूध फुगते आणि शिवण फाटते), आडवे सपाट ठेवून गोठवावे. पिशवीवर तारीख आणि वेळ लिहावी, तीही भरण्याआधी, कारण ओल्या पिशवीवर पेन चालत नाही.

फ्रिज कोणता, यावर बरेच अवलंबून आहे. वेगळ्या दाराच्या, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दूध सहा महिने उत्तम राहते. एकाच दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र दोन आठवड्यांपेक्षा जास्त भरवसा ठेवू नये. दार उघडले की तिथले तापमान हलते. असा फ्रिज असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत दिवसातून दोनदा काढावे. लोडशेडिंगच्या गावात वीज गेल्यावर दार उघडूच नये. वीज आल्यावर पिशवीत बर्फाचे खडे दिसत असतील तर पुन्हा गोठवता येते. पूर्ण पातळ झाले असेल तर चोवीस तासांत संपवावे.

एक चाचणी मात्र आधी करावी, ती सहसा कुणी सांगत नाही. एक पिशवी गोठवून आठवड्याने उघडून बघायची. काहींच्या दुधाला गोठवल्यावर साबणासारखा वास येतो. दुधातल्या लायपेज नावाच्या पाचकरसामुळे स्निग्धांश फुटतो, त्याचा हा परिणाम. दूध खराब झालेले नसते, पण काही बाळे तोंड फिरवतात. अशा वेळी ताजे दूध कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून, उकळी येऊ न देता उतरवून, लगेच गार करून गोठवावे. एकदा वास आल्यावर तापवून उपयोग नाही. आई गावाला गेल्यावर अडीच लिटर दूध बाळ घेत नाही असे कळणे फार महाग पडते.

घरी सांभाळणाऱ्या आजीला किंवा मावशीला तोंडी सूचना देऊन निघू नये, कागद फ्रिजवर चिकटवावा. न गोठवलेले दूध आधी, मग गोठवलेल्यातले जुन्या तारखेचे. उद्याचे दूध रात्रीच फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये काढायचे. पाजताना पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात धरायची. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, कारण त्यात दूध एका जागी गार आणि एका जागी तोंड भाजेल इतके गरम होते. वर जमलेली साय पिशवी हलकेच गोल फिरवून मिसळायची. पातळ झालेले दूध फ्रिजमध्ये चोवीस तास, बाहेर काढल्यावर फार तर दोन तास. बाळाने तोंड लावलेले उरले तर दोन तासांत द्यायचे नाहीतर टाकायचे. म्हणून एकदम १२० मिली न ओतता आधी ६० ओतावे. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडले. याची सवय निघण्याच्या आठवडाभर आधी, आईने नव्हे तर दुसऱ्या कुणीतरी लावावी. आईचा वास आला की बाळ वाटीकडे बघत नाही. सहा महिने पूर्ण झालेले नसतील तर पाणी नाही, साखरपाणी नाही, बाळगुटी नाही. हे शेवटचे वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलेले बरे.

आता पंप, म्हणजे दूध काढण्याचे यंत्र. पंप बिघडला असे जेव्हा वाटते तेव्हा मोटर सहसा ठीक असते. बिघडलेली असते ती बोटाच्या पेराएवढी रबरी झडप, बदकाच्या चोचीसारखी दिसणारी. तिला बारीक चीर गेली किंवा ती ब्रशने घासून सैल झाली की ओढ निम्मी होते. झडप ब्रशने घासू नये, साबणाच्या पाण्यात दोन बोटांनी हलवून धुवावी, आणि दोन जादा झडपा पर्समध्ये असाव्यात. नळीत वाफेचे थेंब दिसले तर मोटर नुसती चालवून नळी कोरडी करावी. स्तनावर बसणारे नरसाळे बहुतेक पंपांसोबत २४ मिलिमीटरचे येते आणि अनेकींना ते मोठे होते. स्तनाग्राची रुंदी बुडाशी पट्टीने मोजून त्यात दोन-तीन मिलिमीटर मिळवावे. नरसाळे मोठे असेल तर भोवतालची काळी त्वचाही आत ओढली जाते, सूज येते आणि दूध कमी निघते. लहान असेल तर स्तनाग्र कडांना घासते. आधी दोन मिनिटे जलद-हलका वेग, पान्हा सुटला की सावकाश आणि खोल. ओढ वाढवायची ती दुखायला लागेपर्यंत नव्हे. दुखले की एक अंक खाली. दुखण्याने पान्हा अडतो, म्हणून जास्त ओढ लावून दूध वाढत नाही, कमीच होते. कपड्याच्या आत बसणारे बिनवायरचे पंप प्रवासाला सोयीचे, पण वाकले की सांडतात, आणि काहींना त्यांनी स्तन पुरता रिकामा होत नाही. रोज ज्या पंपाने काढता तोच न्यावा. नवा पंप पहिल्यांदा गाडीत उघडू नये.

चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले आहे का ते पाहावे. रेल्वेच्या अनेक डब्यांतल्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात. फक्त २२० चा अडॅप्टर तिथे चालत नाही. पॉवर बँकेवर चालणारा पंप असेल तर प्रश्नच मिटतो.

आणि हाताने दूध काढणे प्रत्येकीला यायलाच हवे, पंप कितीही चांगला असो. हात धुवून, कोमट फडक्याने स्तन शेकून, अंगठा वर आणि दोन बोटे खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाब, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे, मग सोडणे. बोटे कातडीवरून घसरू द्यायची नाहीत; घसरली की दुखते आणि दूध येत नाही. पहिला मिनिटभर काहीच येत नाही, मग धारा लागतात. चारी बाजूंनी जागा बदलत फिरायचे. रुंद तोंडाचे स्टीलचे भांडे पुरते. बंद पडलेला पंप, संपलेली बॅटरी, सॉकेट नसलेली खोली, या सगळ्यांवर हा एकच उपाय आहे, आणि तो प्रसूतीनंतर रुग्णालयातून घरी जाण्याआधी शिकवला जायला हवा.

दूध परत घरी आणायचे असेल तर बर्फाचे गणित नीट करावे लागते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. अंगातून नुकतेच निघालेले १२० मिली दूध ४ अंशांवर आणायला साधारण ५० ग्रॅम बर्फ वितळतो. चार वेळा काढले की २०० ग्रॅम बर्फ फक्त दूध गार करण्यात संपला. बाहेरची उष्णता त्याशिवाय. म्हणून भाजीच्या थंड पिशवीत एक जेल पॅक (बर्फाऐवजी गोठवून वापरायची जेलची पिशवी) टाकून दूध नेणे हा नुसता दिलासा आहे. जाड भिंतींची पेटी, दुधाच्या किमान दुप्पट वजनाचे जेल पॅक, तेही पूर्ण एक दिवस फ्रीझरमध्ये राहून दगडासारखे झालेले, आणि पेटीत मोकळी जागा उरली तर ती टॉवेलने भरलेली. असे असेल तर दूध चोवीस तास सुरक्षित राहते. ताजी कोमट बाटली आधीच्या गार बाटल्यांना चिकटवून ठेवू नये आणि त्यांच्यात ओतूही नये. एक जेल पॅक फक्त नव्या बाटलीसाठी बाजूला ठेवावा, तासाभराने ती आतल्या रांगेत सरकवावी. खरा बर्फ वापरायचा तर तो बंद डब्यात किंवा दुहेरी पिशवीत ठेवावा, म्हणजे वितळलेले पाणी झाकणाखालून दुधात शिरत नाही. बाजारातला बर्फ कोणत्या पाण्याचा असतो हे सांगायला नको.

दूध बाहेर चार तास टिकते असे छापलेले असते. ते २५ अंशांच्या खोलीसाठी आहे. मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या बसस्थानकासाठी नाही. उन्हाळ्यात काढले की लगेच बर्फावर, नाहीतर टाकून द्यावे. मधला मार्ग शोधू नये. मोटारीच्या डिकीत तर पेटीही ठेवू नये.

धुण्याचा प्रश्न पेटीपेक्षा अवघड. गाडीतल्या बेसिनच्या पाण्याने पंपाचे भाग विसळणे म्हणजे न धुण्यापेक्षा वाईट. दूध लागणाऱ्या भागांचे दोन-तीन संच न्यावेत. वापरलेला संच कागदी रुमालाने पुसून झिप पिशवीत, पिशवी बर्फाच्या पेटीत. प्रवासापुरते हे चालते. बाळ दोन महिन्यांच्या आतले, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेले किंवा आजारी असेल तर चालत नाही. तिथे प्रत्येक वेळी धुतलेलाच संच हवा. मुक्कामी पोचल्यावर पिण्याच्या पाण्याने, स्वतःच्या वेगळ्या टोपल्यात (बेसिनमध्ये ठेवून नव्हे), साबण आणि वेगळा ब्रश घेऊन धुवावे आणि दिवसातून एकदा उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावे. खोलीतल्या किटलीचे पाणी वरून ओतणे म्हणजे उकळणे नव्हे. नंतर फडक्याने पुसू नये. स्वच्छ कापडावर वाळू द्यावे.

लॉजमधल्या छोट्या फ्रिजवर विश्वास ठेवण्याआधी आत साधा थर्मामीटर ठेवून तासाभराने बघावे. अनेक छोटे फ्रिज पाण्याची बाटली गार करण्यापुरते असतात, ४ अंशांपर्यंत जातच नाहीत. शिवाय काही ठिकाणी खोलीची चावी काढली की त्यांची वीज जाते. त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या फ्रीझरमध्ये स्टीलचा बंद डबा नाव लिहून ठेवायला द्यावा, आणि जेल पॅकही तिथेच गोठवायला द्यावेत, तेही पहिल्याच दिवशी, परतीच्या सकाळी नव्हे.

छातीत गाठ लागली, एका जागी लाल आणि दुखरे झाले, तर जुन्या पद्धतीने गरम शेक आणि जोराचे चोळणे नको. त्याने सूज वाढते. गार पट्टी, नेहमीच्याच वेळेला काढणे (मुद्दाम जास्त नाही), बोटांनी अगदी हलका हात, आणि डॉक्टरांनी पूर्वी चालते म्हटलेले असेल तर आयबुप्रोफेन. ताप आणि अंगदुखी चोवीस तासांत उतरली नाही तर प्रशिक्षण बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. ते दूध बाळाला चालते. टाकायचे कारण नाही.

विमानाने जाणाऱ्यांसाठी थोडे. पंप आणि दूध हातातल्या सामानात ठेवावे. पॉवर बँक तर चेक-इन सामानात चालतच नाही. दुधाची पेटी तपासणीआधीच वेगळी काढून सांगावी. एक्स-रेने दुधाला काही होत नाही. अमेरिकेत बाळ सोबत नसले तरी १०० मिलीपेक्षा जास्त दूध नेता येते. ब्रिटनमध्येही बाळाची अट नाही, पण तिथे गोठवलेले दूध हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. परत येणाऱ्या मराठी मुली नेमक्या याच नियमावर अडतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

घरी पोचल्यावर सासूबाई म्हणतात, ‘तीन दिवसांचे शिळे दूध आहे, आधी पिळून टाक’, किंवा ‘उन्हातून आलीस, लगेच घेऊ नकोस’. स्तनातले दूध शिळे होत नाही आणि उन्हाने तापतही नाही. हातपाय धुवावेत आणि बाळ लगेच अंगावर घ्यावे. एखादे बाळ पहिला दिवस रुसते, वाटीची सवय झालेली असते. उघड्या अंगाशी धरून, झोपेत असताना लावून पाहावे. दूध कमी झालेले वाटले तरी दोन-चार दिवस मागेल तेव्हा पाजले की भरून येते.

आता ज्यांच्या हातात आदेश काढणे आहे त्यांच्यासाठी. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या दिवसात पाजण्यासाठी दोन जादा मधल्या सुट्ट्या द्याव्यात, ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. ती बाळ हाताशी असल्याचे धरून केलेली आहे. बाळ दोनशे किलोमीटरवर असेल तर त्या सुट्टीत आईने काय करायचे याचा विचार कुठल्याच वेळापत्रकात नसतो. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात देशातली पहिली मानवी दूध पेढी १९८९ साली सुरू झाली, म्हणजे दूध काढावे कसे, थंड ठेवावे कसे हे ज्ञान या राज्यात तीस वर्षांहून जुने आहे. बसस्थानकांवरही हिरकणी कक्ष करण्यात आले. मात्र अशा कक्षात आतून कडी, चालू सॉकेट आणि हात धुवायला पाणी या तिन्ही गोष्टी असल्या तरच तिथे दूध काढता येते, आणि चावी कोणाकडे आहे हे दारावर लिहिलेले हवे.

प्रशिक्षणाच्या किंवा ड्यूटीच्या आदेशात आमच्या मते एवढे छापावे: पाजणाऱ्या मातांनी आगाऊ कळवावे, त्यांना सकाळी अकराला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी पाचला प्रत्येकी तीस मिनिटे मिळतील, त्यासाठी अमुक क्रमांकाची खोली, स्वच्छतागृह नव्हे, कार्यालयातील फ्रिजचा एक कप्पा आणि फ्रीझरची एक बाजू राखीव. मतदान केंद्रावर हे जमण्यासारखे नसेल, तर सहा महिन्यांच्या आतले बाळ असलेल्या शिक्षिकेला मुक्कामाची ड्यूटी न देता तिच्या तालुक्यातले राखीव काम द्यावे. याला वेगळा निधी लागत नाही, आदेशाच्या मसुद्यात चार ओळी वाढवाव्या लागतात.

आपल्या वाचक,
प्रसूती विभागात काम करणाऱ्या काही परिचारिका, नाशिक